पलीकडचं टोक

१

दवाखान्याच्या चादरी उन्हातच वाळल्या पाहिजेत, असा मोठ्या सिस्टरचा हट्ट होता. यंत्रात वाळलेली चादर दिसायला स्वच्छ असते, पण तिला कसलाच वास नसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वाट्याला दुसरं काय येतं, निदान उन्हाचा वास तरी येऊ दे, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तळमजल्यावरच्या त्या लहानशा दवाखान्याच्या चादरी रोज सकाळी धुऊन गच्चीवर वाळत पडायच्या आणि दुपारी घड्या होऊन खाली जायच्या.

हे काम वहिनीचं. अख्खी इमारत तिला वहिनी म्हणायची. खरी नणंद तिला एकच होती आणि ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बाकीच्यांनी नातं फुकटात उचललं होतं. वहिनीची त्याला काही हरकत नव्हती. गच्चीच्या एका अंगाला तिची आणि नवऱ्याची खोली होती, एक दार जिन्यात उघडणारी आणि एक गच्चीवर. गच्चीकडच्या दारापासून कठड्यापर्यंतच्या जागेत तीन दोऱ्या आडव्या ताणलेल्या. एक कठड्याजवळ, एक मध्ये, एक अगदी दारासमोर.

मोठी चादर एकट्याने घडी करायची गोष्ट नव्हे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, झटकायची, ताणायची आणि मग चालत एकमेकांकडे यायचं. सुट्टीच्या दिवशी पलीकडचं टोक नवरा धरायचा. ताणण्याआधी तो दोन छोटे हिसके द्यायचा, म्हणजे मी धरलंय, आता ओढ. तो अंथरुणावर पडून राहिल्यापासून वहिनी चादरीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवत होती. घडी व्हायची, पण खिळा काही हिसके द्यायचा नाही.

त्या दुपारी कठड्याजवळच्या दोरीवरच्या एका चादरीवर तिला करडा डाग दिसला. औषधाचा असणार, असं म्हणून तिने चादर उतरवली, गरम पाण्यात सोडा टाकून भिजवली, ब्रशने घासली, आणि घासताना दवाखान्यातल्या सगळ्या नर्सचा मनातल्या मनात उद्धार केला. पाण्यात डाग दिसत नव्हता. पुन्हा वाळत घातली तर डाग जागच्या जागी. तिने ती दुसऱ्यांदा धुतली. हात लाल झाले. तिसऱ्यांदा वाळत घालून ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा डाग नाही, सावली आहे. पानांची. इतका वेळ ती सावली धूत होती.

तिला स्वतःचंच हसू आलं. मग ते हसू जरा आवरलं, कारण सावली हलत होती. चादर मात्र हलत नव्हती.

२

नवऱ्याचा धंदा झाडांचा. लोक म्हणायचे हा झाडं तोडतो. तो म्हणायचा, तोडत नाही, हजामत करतो. रस्त्यावर झुकलेल्या, तारांना लागलेल्या फांद्या तो दोराने वर चढून करवतीने उतरवायचा. संध्याकाळी घरी आला की केसांत पानांचा चुरा आणि अंगाला हिरवा वास. देवाधर्माचं तो कधी बोलला नाही, कुठे हात जोडताना कोणी त्याला पाहिलं नाही. पण झाडावर चढण्याआधी खोडाला तळहात लावून थोडा वेळ उभा राहायचा. परवानगी घेताय का, असं वहिनीने एकदा विचारलं, तर म्हणाला, नाही गं, ओळख करून घेतो.

वर गेल्यावर काय दिसतं, हेही तिने एकदा विचारलं होतं.

"वर गेलं की आधी भीती वाटते," तो म्हणाला. "आपण केवढेसे आहोत ते कळतं. मग ती भीतीच हात धरते."

वहिनीला ते कळलं नव्हतं. ती कधी खुर्चीवरसुद्धा चढायची नाही, चक्कर यायची.

आणि मग तो पडला. वारा नव्हता, पाऊस नव्हता. चांगली, भरल्या अंगाची फांदी होती, ती बुंध्यापासून थोड्या अंतरावर कडाडून मोडली. त्याने तिच्यावर दोर बांधला होता. कमरेचं हाड मोडलं, पण खरं मोडलं ते दुसरंच काहीतरी. "निरोगी होती," एवढंच तो शुद्धीवर आल्यावर म्हणाला. "मी तिच्यावर भार टाकला होता."

हाड जुळलं. दवाखान्याचे डॉक्टर स्वतः जिने चढून आले आणि सांगून गेले की आता उभं राहायचं, रोज थोडं. नाही राहिलात तर पाय चालणं विसरतील, छातीत कफ धरेल, आणि मग मला सांगू नका. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून तो भिंतीलाच तोंड करून होता. दोन घास कसेबसे खायचा, तेही तिचं मन राखायला. त्याच्या पाठीमागे जी खिडकी होती तिच्यातून आभाळ दिसायचं. ते झाकून टाक म्हणाला. वहिनीने एक जुनी, बाद झालेली चादर दुहेरी करून खिडकीला ठोकली.

३

सावली पडायची तर झाड पाहिजे. वहिनी साधी बाई, पण एवढं तिला कळत होतं. ती गच्चीभर फिरली. शेजारच्या इमारतींवर पाण्याच्या टाक्या होत्या, तारा होत्या, कोणाचं तरी वाळत घातलेलं पायपुसणं होतं. गच्चीपेक्षा उंच असं झाड डोळ्यांच्या टप्प्यात कुठेच नव्हतं. खाली रस्त्याच्या कडेला दोन खुरटी रोपटी होती, त्यांची सावली वर चार मजले चढणार कशी?

दुसऱ्या दिवशी सावली मधल्या दोरीवर होती.

आता ती जास्त स्पष्ट होती. बारीक पानं, डहाळ्या, आणि एक जाड फांदी. ती फांदी चादरीच्या मधोमध येऊन एकदम संपत होती. निमुळती होऊन नाही, तर मनगटापासून हात तुटावा तशी. वहिनीने तिकडे एकदा पाहिलं. तिने काही झालंच नाही अशा थाटात चिमटे गोळा केले. दोन चिमटे हातातून पडले.

नेमकी तेव्हाच नणंद आली. ती आली की आधी तिचा आवाज यायचा आणि मग ती. जिने चढून धापा टाकत तिने जाहीर केलं की भावाला बघायला येते म्हणून तरी माझं वजन आटोक्यात आहे. आत जाऊन भावाशी बोलून आली तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, दादाला मी माझ्याकडे नेते. तळमजला आहे, माणसांचा राबता आहे. इथे तुम्ही दोघं चादरींत गुंडाळल्यासारखे राहता. तीन दिवसांनी गाडी घेऊन येते.

वहिनीने तिला मधल्या दोरीपाशी नेलं आणि काही दिसतं का विचारलं.

"काय दिसायचंय? चादर," नणंद म्हणाली. "वहिनी, तू जेवतेस ना नीट?" आणि मग ती थांबली. मान वाकडी करून ऐकत राहिली. "इथे एवढ्या वर कुठला गं पक्षी बोलतोय?"

आवाज चादरीच्या मागून येत होता. नणंदेने पुढे होऊन चादर बाजूला सारली. मागे कठडा होता आणि कठड्यापलीकडे रिकामं आभाळ. नणंद उगाचच हसली, पण त्या दिवशी ती चहा न घेता गेली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

४

तिसऱ्या दोरीवर सावली येईल हे वहिनीला आधीच कळलं होतं. तरी ती आली तेव्हा वहिनी दोन पावलं मागे सरली. कठडा, मधली दोरी, दार. एखादा माणूस चालत यावा, थांबत थांबत, तशी ती येत होती. कोणाकडे येत होती हे विचारायची गरज नव्हती. या घरात झाडांशी संबंध असलेला माणूस एकच होता.

ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भर दुपार होती. झाकलेल्या खिडकीमुळे खोलीत अंधूक होतं. नवरा नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता. स्टोव्हवर पातळ भात रटरटत होता. तिने ताटली घेतली, चमचा घेतला, आणि तेवढ्यात तो बोलला. कितीतरी दिवसांत आपणहून बोलला नव्हता.

"वारं सुटलंय का गं?"

"नाही," ती म्हणाली.

"पानं वाजतायत."

तिनेही ऐकलं. खिडकीच्या पलीकडे, अगदी जवळ, एक अखंड सळसळ होती. दारासमोरच्या चादरी काचेसारख्या स्थिर होत्या, हे तिने दाराच्या फटीतून पाहिलं.

"चादरी आहेत," ती म्हणाली. नवऱ्याशी ती सहसा खोटं बोलायची नाही, आणि तिला ते जमायचंही नाही. त्या दुपारी त्याने भात खाल्ला नाही, नुसता ऐकत पडून राहिला. वहिनीला वाटलं, हा आता याच घरात असून नसल्यासारखा व्हायला लागला. ते हाक मारतंय आणि हा उत्तर द्यायच्या बेतात आहे.

५

चादरी मात्र उतरवायलाच हव्या होत्या. काम कोणासाठी थांबत नाही.

तिने मन घट्ट करून दारासमोरची शेवटची चादर काढली, एक टोक खिळ्याला अडकवायला भिंतीकडे गेली. चादर मोठी, तिचा पसारा तिच्या आणि गच्चीच्या मध्ये उभा राहिला. खिळा चाचपडताना पलीकडचं टोक हातून निसटलं. ते जमिनीवर पडायला हवं होतं.

पडलं नाही.

चादर ताणली गेली. मग दोन छोटे हिसके आले.

वहिनीच्या तोंडून नकळत "अहो" असं निघून गेलं. क्षणभर तिला खरंच वाटलं की तो उठून आलाय, पलीकडे उभा आहे आणि चादर खाली झाली की त्याचा चेहरा दिसेल. मग तिच्या लक्षात आलं की पलीकडचं टोक फार वर आहे. माणूस हात उंच करून धरेल त्यापेक्षाही वर. आणि अजून वर चाललंय, हळूहळू, कोणी मायेने पांघरूण उचलावं तसं.

तिने आपलं टोक सोडून दिलं आणि आत पळाली.

नवरा होता तिथेच होता. श्वास चालू होता. फक्त त्याचे दोन्ही हात पांघरुणाबाहेर आले होते आणि मुठी वळलेल्या होत्या, काहीतरी धरून ठेवल्यासारख्या.

नंतर तिने स्वतःला समजावलं. खालून वर येणारा वारा असतो, चार मजल्यांवर असे झोत येतात, चादर शिडासारखी फुगते. हिसके म्हणजे तिच्याच हाताची सवय. सगळं पटण्यासारखं होतं. ती चादर मात्र तिला गच्चीवर कुठेच सापडेना. शेवटी ती सापडली दारासमोरच्या दोरीवर, नीट घडी करून ठेवलेली. टोकाला टोक जुळलेलं. तिचा नवरा करायचा त्याहून सुरेख घडी.

दुसऱ्या दिवशी तिने गच्चीच्या दाराला कडी लावली आणि चादरी जिन्यात वाळत घातल्या.

६

संध्याकाळी मोठी सिस्टर स्वतः वर आली. तिच्या हातात एक चादर होती. वहिनी समजली की आता बोलणी बसणार, आणि ती बसलीच. चादरीला कुबट वास येतोय, जिन्यात कपडे वाळवणं आपल्यात कधी ठरलं होतं? वहिनी मान खाली घालून ऐकत राहिली.

पण सिस्टर बोलणी संपवून गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली. जरा घुटमळली. मग म्हणाली, "एक विचारू? मधले तीन-चार दिवस तू साबण बदलला होतास का?"

वहिनीने नकारार्थी मान हलवली.

तेव्हा सिस्टरने सांगितलं. आतल्या खोलीत एक म्हातारी आहे. दुखण्याने हैराण, रात्रंदिवस कण्हायची, कोणाला झोपू द्यायची नाही. तीन-चार दिवसांपूर्वी ती अचानक शांत झोपली. सकाळी उठून म्हणाली, खिडकी लावू नका हं, झाड ऐकू येतं. त्या खोलीला खिडकीच नाही. भ्रम असेल म्हणून सिस्टरने सोडून दिलं. पण म्हातारी जेवायला लागली, केस विंचरून मागायला लागली. आज चादर बदलली तर दुपारपासून एकच विचारते आहे, माझं झाड कुठे नेलंत?

"मी तिची आधीची चादर नाकाला लावून बघितली," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "तीस वर्षं झाली मला या कामात. तो साबणाचा वास नाही."

"मग कसला?" वहिनीने विचारलं.

"जंगलात सकाळी येतो तसला," सिस्टर म्हणाली, आणि आपण काय बोललो याची लाज वाटून उठून निघून गेली.

वहिनी पायरीवर बसून राहिली. जे न्यायला येतं ते असं देत सुटत नाही, एवढंच तिला सुचलं. त्यावरही तिचा पुरता विश्वास बसला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी नणंद गाडी घेऊन येणार होती. वहिनीने सकाळीच गच्चीची कडी काढली. सगळ्या चादरी धुतल्या आणि तिन्ही दोऱ्यांवर वाळत घातल्या, एकही चिमटा न पाडता. मग ती आत येऊन नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली. ऊन माथ्यावरून खिडकीच्या बाजूला कललं, आणि सळसळ सुरू झाली.

"अहो," ती म्हणाली, "मला भीती वाटते. पण मी खिडकी उघडते आहे."

तिने खिडकीवरची चादर दोन्ही हातांनी धरली आणि खिळ्यांसकट ओढून काढली.

आभाळाकडे पाठ फिरवून तो ज्या भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याच भिंतीवर झाड आलं. त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर पानं हलायला लागली. मान फिरवायचीसुद्धा गरज उरली नाही. वहिनीने पाहिलं, ती जाड फांदी अगदी त्याच्या चेहऱ्यासमोर येऊन तुटली होती. तिला ते बघवेना. पण तो बघत होता. त्याने हात उचलला, बोट भिंतीवर टेकवलं, त्या तुटलेल्या जागी.

"इथून मोडली होती," तो म्हणाला.

मग त्याचं बोट थोडं पुढे सरकलं. वहिनी वाकली. मोडल्या टोकाच्या भोवती काहीतरी बारीक, कोवळं होतं. आधी तिने ते पाहिलं नव्हतं, किंवा ते आधी नव्हतंच. चिमुकली पानं, अजून नीट न उलगडलेली, एकमेकांना चिकटलेली.

"फुटलीय," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अगं, फुटलीय ती."

बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मला उभं कर," तो म्हणाला.

तिने त्याला काखेत धरून उठवलं. तो पालापाचोळ्यासारखा हलका झाला होता आणि त्याचे पाय वाऱ्यावरच्या दोरीसारखे लटपटत होते, पण ते जमिनीला टेकले. दारापर्यंत गेले. दाराबाहेर गेले. दारासमोरची दोरी धरून तो पुढे निघाला आणि वहिनीला समोरचा कठडा दिसला. गुडघ्याएवढा कठडा. त्याच्या तोंडावर असा उजेड होता की तो कुठे चालला आहे हे त्याला तरी माहीत असेल की नाही, कोण जाणे. तिने मागून त्याचा सदरा मुठीत गच्च धरला. हा गेला तर मीही जाणार, एवढं तिने ठरवून टाकलं.

मधल्या दोरीपाशी तो थांबला. चादरीवर त्याने तळहात टेकवला आणि उभा राहिला, पूर्वी खोडापाशी राहायचा तसा.

आणि वारा आला. खरा वारा, खालून वर. तिन्ही दोऱ्यांवरच्या सगळ्या चादरी एकदम उचलल्या गेल्या, आडव्या झाल्या, आणि त्यांच्याखालून वहिनीने पाहिलं.

टाक्या नव्हत्या. तारा नव्हत्या. कठडा होता की नव्हता ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. फक्त वर, वर, आणखी वर जाणारा हिरवा उजेड होता, आणि त्याला शेंडा नव्हता. तिची मान मागे गेली. आपण केवढेसे आहोत ते तिला पायाच्या अंगठ्यापर्यंत कळलं, आणि अशी भीती वाटली की तिने डोळे मिटायला हवे होते. पण तिने मिटले नाहीत. त्या भीतीत कोणीतरी तिचा हात धरला होता.

चादरी खाली आल्या. टाक्या होत्या तिथे होत्या. शेजारचं पायपुसणं दोरीवर हलत होतं.

८

नणंद धापा टाकत वर आली तेव्हा भाऊ दारात खुर्चीवर बसला होता. मांडीवर रिकामी ताटली होती, आणि तो बायकोला सांगत होता की भातात मीठ कमी आहे. नणंदेने आधी त्याच्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग दोऱ्यांकडे. बऱ्याच गोष्टी विचाराव्यात असं तिच्या मनात आलेलं दिसत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "गाडीवाला खाली थांबलाय. त्याला परत जा म्हणून सांगू?"

"सांग," भाऊ म्हणाला. "आणि चहा घेऊन जा. मागच्या वेळी तशीच पळालीस म्हणे."

ती गेल्यावर ऊन उतरायला लागलं. चादरी वाळल्या होत्या. सगळ्या स्वच्छ, पांढऱ्या, कोणावर काही नव्हतं. वहिनीने पहिली काढली आणि सवयीने भिंतीकडे वळली.

"इकडे आण," तो खुर्चीतून म्हणाला आणि हात पुढे केले.

तिने त्याच्या हातात टोक दिलं आणि उलटं चालत गेली. चादर दोघांच्या मध्ये ताणली गेली. त्याच्या हातांत अजून जोर नव्हता, पण त्याने दोन छोटे हिसके दिले. तिला ते मनगटापर्यंत कळले.

मग तिसरा आला. हलकाच. त्याच्याकडून नव्हे, वरून.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत होता. चादर त्यांच्यामध्ये हळूहळू वर उचलली जात होती आणि तिच्या खालच्या अंगाने हिरवट उजेड सरकत होता.

या वेळी वहिनीने टोक सोडलं नाही.